चौदा नंबरची सूट

नाव : पूर्ण नाव शेवटी सहीत आहे. कचेरीत सगळे 'पोस्टमास्तरीण' म्हणतात, तेही लिहून घ्यावे.
वय : ४४ वर्षे.
धंदा : नोकरी. खाजगी पाणी तपासणी प्रयोगशाळेत मेल सर्व्हर सांभाळणे, अकरा वर्षे.
राहणार : पाण्याच्या टाकीमागची गल्ली, तिसरा मजला, डावीकडचे दार. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मोठ्या भावाच्या घरी.

मी आज सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या पायांनी या पोलीस ठाण्यात आले. मला कोणी बोलावले नव्हते. विचारल्यावरून, आणि काही ठिकाणी न विचारता, समक्ष सांगते ते असे. आल्याबरोबर मी माझे ओळखपत्र टेबलावर ठेवले. फौजदारसाहेब म्हणाले, "राहू द्या हो. तुम्ही नाव सांगताय ना, पुरे." मी म्हटले, पुरे नाही, ओळखपत्राचा नंबर लिहून घेतल्याशिवाय मी पुढे एक शब्द बोलणार नाही. त्यांनी हवालदारांकडे पाहिले, हवालदारांनी पंख्याकडे पाहिले, आणि नंबर लिहून घेतला. ही कटकट मी का केली ते पुढे येईल.

आमच्या प्रयोगशाळेत विहिरी, टाक्या, पोहण्याचे तलाव, शाळा, दवाखाने यांच्या पाण्याचे नमुने येतात. ते तपासून अहवाल मेलने जातो. अहवालावर शाईची सही नसते. ज्या रसायनतज्ज्ञाच्या पत्त्यावरून मेल निघाला त्याची ती सही, असे आमच्याकडे धरतात. आपण शनिवारी सकाळी ज्यांना ताब्यात घेतले त्या आमच्या मुख्य रसायनतज्ज्ञ माझ्या मोठ्या भावाच्या पत्नी, म्हणजे माझी वहिनी. हे नाते मीच आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी ते शोधून काढल्याचा आव आणायला नको. आमचे दोघींचे दोन वर्षे बोलणे नाही, हेही त्याच कारणासाठी सांगते.

वहिनीवरचा आरोप मला दाखवण्यात आला तो असा. गेल्या बुधवारी सकाळी अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी तिच्या पत्त्यावरून शाळेला मेल गेला की नव्या टाकीचे पाणी पिण्यायोग्य आहे. गुरुवारी शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि नळ सोडले. शुक्रवारी एकतीस मुले उलट्या-जुलाबांनी आजारी पडली. तीस घरी गेली. सात वर्षांची एक मुलगी अजून दवाखान्यात सलाइनवर आहे. आमच्या संचालकांनी आपल्याला त्या मेलचा कागद काढून दिला, त्यावर वहिनीचे नाव आहे, आणि आपण तिला घेऊन आलात.

फौजदारसाहेब म्हणाले, "नाव तिचं, पत्ता तिचा. आणखी काय पाहिजे?" तेव्हा मी त्यांच्याच टेबलावरचे एक कोरे पाकीट घेतले, मागच्या बाजूला 'पाठवणार' असे छापलेले होते तिथे त्यांचे नाव आणि हुद्दा लिहिला, आणि विचारले, "हे तुम्ही पाठवलेलं पत्र झालं का?" ते म्हणाले, "कसं होईल? अक्षर तुमचं आहे." मी म्हटले, "मेलला अक्षर नसतं, साहेब. पाठवणाऱ्याच्या जागी जे टाइप कराल ते छापून येतं." सदर पाकीट या जबाबासोबत जोडावे. हवालदारांनी ते टाचणीने जोडले आहे.

आता आमच्याकडची जुनी रीत सांगते, आणि ती सांगताना मला लाज वाटते. इमारतीतून बाहेर जाणारा प्रत्येक मेल तळमजल्यावरच्या माझ्या खोलीतल्या सर्व्हरमधून जातो. पाच महिन्यांपूर्वीपर्यंत हा सर्व्हर कोणालाच काही विचारत नव्हता. मेल इमारतीतून आला ना, मग आपलाच, असे समजून पुढे ढकलत होता. त्यामुळे कोणी रजेवर असले, जेवायला गेले असले, की ज्याचे हात मोकळे तो त्यांच्या नावाने अहवाल पाठवून देई. काम अडायला नको. सगळे करत होते, संचालकही करत होते, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. मी दोनदा लेखी हरकत घेतली. दोन्ही वेळा माझ्या कागदावर चहाचा कप ठेवलेला मी पाहिला.

पाच महिन्यांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या एका संगणकात रोग शिरला आणि त्याने दीड दिवसात आमच्या नावाने चाळीस हजार भिकार मेल जगभर सोडले. परिणामी बाहेरचे सर्व्हर आमचा एकही मेल घेईनात. दवाखान्याचे अहवाल दोन दिवस अडले. तेव्हा कुठे मला परवानगी मिळाली. मी ठरवले की यापुढे बाहेर जाणारा मेल स्वीकारण्याआधी सर्व्हर नाव आणि पासवर्ड विचारेल. पासवर्ड बरोबर असला तरी दुसऱ्याच्या पत्त्यावरून पाठवू देणार नाही. म्हणजे वहिनीचा मेल वहिनीच्याच पासवर्डाने जाईल, शिपायाचा शिपायाच्या. कोणी, कुठल्या संगणकावरून, किती वाजता पाठवला याची एक ओळ सर्व्हर स्वतः लिहून ठेवेल. सगळे लावून झाल्यावर मी माझा पासवर्ड घालून संचालकांच्या नावाने एक मेल पाठवून पाहिला. सर्व्हरने तो तोंडावर परत फेकला की हा पत्ता तुमचा नाही. अकरा वर्षांत त्या यंत्राने केलेले ते पहिले शहाणपणाचे काम होते आणि मला मनापासून आनंद झाला.

पासवर्ड मी कोणाला वाटले नाहीत. अडतीस माणसांना एकेक करून माझ्या खोलीत बोलावले. प्रत्येकाने माझ्या खुर्चीवर बसायचे, आपला पासवर्ड आपल्या हाताने टाइप करायचा, आणि तोवर मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे. लोकांनी टिंगल केली. हिशेबनीस म्हणाले, "पोस्टमास्तरीणबाई, शिक्षा कोणाला झालीय, आम्हाला की तुम्हाला?" एकाने आपल्या मांजराचे नाव टाइप करता करता मोठ्याने म्हटले, त्याला मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावले. झेरॉक्सचे यंत्रही कागद वाचून मेल पाठवते, म्हणून त्यालासुद्धा नाव आणि पासवर्ड दिला. त्याने कुरकुर केली नाही.

वहिनी सव्विसावी आली. दोन वर्षांत आम्ही एवढ्या जवळ बसलो नव्हतो. मी भिंतीकडे वळले. ती म्हणाली, "भिंतीकडे कशाला बघतेस? तुला सांगितला तरी मला चालेल." मी म्हटले, "मला नको." तिने टाइप केला आणि गेली. खुर्ची सरकवून होती तशी ठेवून गेली, बाकी कोणी ठेवली नव्हती. तिचा पासवर्ड मला आजही माहीत नाही, आणि आज मी इथे ताठ मानेने बोलू शकते ते त्यामुळेच.

अडतीसातले सदतीस आले. संचालक आले नाहीत, मला वर बोलावले. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, तिला एकच दार, भिंतीत संगणकाच्या तारेचे एकच सॉकेट, आणि दाराची किल्ली एकच, जी त्यांच्या कमरपट्ट्याला असते. ते म्हणाले, "माझ्याच इमारतीत मला पासवर्ड? उद्या घरी शिरताना बायको म्हणेल, कोण आहे ते सांगा." मी म्हटले, "विचारलं तर बिघडलं काय?" त्यांना ते आवडले नाही. त्यांच्या खोलीतल्या संगणकाला सूट द्यावी, त्याला काही विचारू नये, असा त्यांनी हुकूम केला. मी समजावून सांगितले की ज्याला पासवर्ड विचारायचा नाही त्याचे नाव तपासणार कशाशी? त्या संगणकावरून पूर्वीसारखाच कोणाच्याही नावाने मेल जाऊ शकेल. ते म्हणाले, "म्हणजे मी चोऱ्या करीन असं म्हणायचंय तुम्हाला?" मी म्हटले, लेखी द्या. त्यांनी दिले. ती चिठ्ठी अशी आहे : 'माझ्या खोलीतील संगणक क्रमांक चौदा यास पासवर्डातून सूट द्यावी. जबाबदारी माझी.' शेवटचे दोन शब्द मी सांगितले नव्हते. ते त्यांनी आपल्या मोठेपणाच्या भरात लिहिले. खाली सही आणि तारीख आहे. मूळ चिठ्ठी आज हजर केली आहे.

आता बुधवार. सर्व्हरने लिहिलेल्या ओळी मी कागदावर काढून आणल्या आहेत, त्या वाचायला कोणी पंडित लागत नाही. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी वहिनीने दुसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतून, संगणक एकतीसवरून, आपल्या पासवर्डाने संचालकांना मेल पाठवला. सर्व्हर मजकूर ठेवत नाही, त्यामुळे त्यात काय होते ते सर्व्हर सांगणार नाही. पण तिच्या टेबलावरच्या नोंदवहीत त्याच सकाळची नोंद आहे, आपण ती उचललीत तेव्हा ते पान उघडे होते आणि मी वाचले, की शाळेचा नमुना दोनदा तपासला, अयोग्य, संचालकांना कळवले. ती नोंदवही आपल्याच कपाटात जप्त आहे, उघडून पाहावी. मी विचारल्यावर कळले की ती अजून कोणी उघडलेली नाही.

त्यानंतर अकरा पंचावन्नला वहिनीने संगणक एकतीसवरून दवाखान्याला अहवाल पाठवला, पासवर्डासह. अकरा अठ्ठावन्नला शाळेला तो मेल गेला. त्या ओळीत पाठवणाऱ्याचा पत्ता वहिनीचा आहे. पासवर्डाची जागा कोरी आहे. संगणक चौदा आहे. बारा वाजून एक मिनिटाने वहिनीने पुन्हा एकतीसवरून एका विहीरमालकाला अहवाल पाठवला, पासवर्डासह. पाच महिन्यांत चौदा नंबरवरून तीनशे बारा मेल गेले. तीनशे अकरा संचालकांच्या स्वतःच्या नावाने. एक वहिनीच्या.

फौजदारसाहेबांनी शंका काढली की वहिनीच वरच्या खोलीत जाऊन पाठवून आली असेल. काढावी, शंका काढणे हे त्यांचे काम आहे. माझे उत्तर असे की आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वहिनीचा उजवा गुडघा गेल्या वर्षीपासून धरतो, एक मजला चढायला तिला चार मिनिटे लागतात, मधल्या वळणावर कठड्याला धरून थांबते. तीन मिनिटांत वर जाऊन, कुलूप उघडून, अहवाल लिहून, पुढच्या तीन मिनिटांत ती परत जागेवर येत असेल तर तिला तुरुंगात नाही, शर्यतीला पाठवा. साहेब म्हणाले, "बोलणं नाही म्हणता आणि गुडघ्याची सगळी खबर आहे." मी म्हटले, "बोलणं बंद आहे. डोळे बंद नाहीत."

चौदा नंबरवर बोट कोणाचे पडले ते मी पाहिलेले नाही आणि न पाहिलेले मी सांगणार नाही. मेल त्या खोलीतून, त्या यंत्रावरून गेला, आणि त्या खोलीची किल्ली कोणाच्या कमरेला असते हे सगळ्या इमारतीला माहीत आहे, एवढे सांगते. कशासाठी पाठवला हेही मला विचारू नये. शाळेच्या उद्घाटनाच्या फलकावर कमिटीतल्या लोकांची नावे रंगवली आहेत. तिसरे नाव वाचावे आणि ज्याचे आहे त्याला विचारावे. माझा अंदाज हवा असेल तर तो असा की पूर्वीसारखे कोणाचेही नाव टाकले की गर्दीत काही कळत नाही, असे त्या माणसाला वाटले. ती गर्दी मी पाच महिन्यांपूर्वीच घरी पाठवली होती. बिनपासवर्डाचा त्या इमारतीत एकच उरला होता, आणि ते त्याच्या लक्षातच आले नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता, म्हणजे वहिनीला आपण नेल्यावर सहा तासांनी, संचालकांनी मला वर बोलावले. खुर्ची दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा दिली. झालेले बोलणे मला आठवते तसे सांगते.

"त्या सर्व्हरमध्ये जुन्या नोंदी किती दिवस राहतात?"

"नव्वद दिवस यंत्रात. त्याआधीच्या मी वेगळ्या काढून ठेवते."

"उगाच जागा अडते. साफ करून टाका."

ताकाला जाऊन भांडे कशाला लपवायचे, म्हणून मी सरळ विचारले, "बुधवारच्या की सगळ्याच?"

त्यांनी दार लोटून घेतले. मग म्हणाले, "तुमचं आणि तुमच्या वहिनीचं सख्य नाही असं ऐकतो."

"बरोबर ऐकता."

"मग तुम्ही कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय? तुम्ही काहीच केलं नाहीत तरी तुम्हाला कोण नावं ठेवणार आहे? लोक म्हणतील, साहजिक आहे."

मी म्हटले, "नोंदी पुसायचा हुकूम लेखी द्या. सूट द्यायचा दिला होतात तसाच." त्यांनी मला जायला सांगितले. मी खाली आले, सगळ्या नोंदींच्या दोन प्रती काढल्या, कागदावर छापल्या, आणि निघताना खोलीला माझे कुलूप लावले. प्रयोगशाळेची माहिती चोरली असा माझ्याविरुद्धचा अर्ज याच टेबलावर, माझ्या डाव्या हाताला पडलेला आहे. मी तो वाचला. माहिती नेली हे खरे आहे. कुठे नेली, तर इथे. याला चोरी म्हणत असाल तर तसे कलम लावा, मी पळून जाणार नाही.

शनिवारी संध्याकाळी माझा मोठा भाऊ घरी आला. तो जिन्यातच उभा राहिला. म्हणाला, "तुमचं दोघींचं असेल ते असू दे, पण..." मी म्हटले, "दादा, आत ये, पाणी पी. ती मला आवडते म्हणून मी काही करत नाहीये. माझं काम आहे म्हणून करतेय." तो पाणी प्यायला. माझे ते वाक्य पूर्ण खरे नव्हते, हे इथे दुरुस्त करते.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी कचेरीत गेले तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला आत सोडले नाही. तो म्हणाला, "ताई, मला वरून हुकूम आहे, मी काय करू?" त्याचा दोष नाही. तिथून मी दवाखान्यात गेले. कोणी सांगितले नव्हते. त्या सात वर्षांच्या मुलीच्या खाटेपाशी तिची आई बसली होती. तिने विचारले, तुम्ही कोण. मी सांगितले, ज्या यंत्रातून तो मेल गेला ते यंत्र मी सांभाळते. ती म्हणाली, "मग तुम्ही अडवला का नाही?"

तिथे दिले नाही ते उत्तर इथे देते. अडवणारी सगळी व्यवस्था मी स्वतः उभी केली होती, झेरॉक्सच्या यंत्रालासुद्धा सोडले नव्हते, आणि मग एका माणसाने आवाज चढवला म्हणून मी त्याला वेगळे दार काढून दिले. चौदा नंबरची सूट माझ्या हाताने टाइप झाली आहे. चिठ्ठी घेतली म्हणजे आपण सुटलो असे मी समजले. मी त्या दिवशी नोकरीवर लाथ मारून नाही म्हटले असते तर तो मेल सर्व्हरने परत फेकला असता आणि एकतीस मुलांना काही झाले नसते. ती सूट दिल्यामुळे आज चोर सापडतो हे खरे, पण चोरी झाली तीही त्यामुळेच. हा माझा कसूर मी कबूल करते. कोणी वदवून घेतलेला नाही.

फौजदारसाहेबांनी विचारले की दोघींचे बोलणे कशावरून बंद झाले. मी म्हटले, ते घरगुती आहे, जबाबाचा भाग नाही. त्यावर ते म्हणाले, "पोस्टमास्तरीणबाई, शनिवारपासून तुमच्या वहिनींनी एकच वाक्य उच्चारलंय. मी पाठवला नाही, माझ्या नणंदेला विचारा. जिचं तुमच्याशी बोलणं नाही ती तुमचंच नाव का घेते, हे मला कळलं पाहिजे." मी पाणी मागितले. हवालदारांनी दिले. मग मी सांगितले ते लिहून घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी माझी आई शेवटच्या आजारात होती. घरात सगळ्यांनी ठरवले होते की तिला काही सांगायचे नाही. डॉक्टर हसून बोलत, दादा हसून बोले, मी तर पुढच्या वर्षीच्या गोष्टी करत असे. एका दुपारी आईने वहिनीचा हात धरला आणि विचारले, "तू पाण्याचं खरं-खोटं करतेस ना, मग मला खरं सांग. मी यातून उठेन का?" वहिनी म्हणाली, "नाही, आई." मी दारात उभी होते. आई त्यानंतर नऊ दिवस होती. त्या नऊ दिवसांत तिने मला एकदाही पुढच्या वर्षीच्या गोष्टी करू दिल्या नाहीत. मी वहिनीला म्हटले, एक खोटं बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं? आणि सुतकाचे दिवस सरताच मी ते घर सोडले. मी तिला माफ केलेले नाही. आजही खात्रीने सांगता येत नाही की केले आहे.

पण हे लिहून घ्या. जिने मरणाऱ्या सासूच्या तोंडावर, तिचा हात हातात असताना, एक खोटा शब्द काढला नाही, ती शाळेच्या पाण्याला पिण्यायोग्य म्हणेल यावर माझा विश्वास बसत नाही. सर्व्हरच्या नोंदी नसत्या तरी बसला नसता. नोंदी तुमच्यासाठी आहेत, मला त्यांची गरज नव्हती. ज्या खरेपणाने माझे घर मोडले तोच खरेपणा तुम्ही आज आत डांबून ठेवला आहे, आणि चोर आपल्या खोलीत पंख्याखाली बसला आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती अशी कागदोपत्री, शिक्क्यासह पाहायला मिळेल असे वाटले नव्हते.

माझी मागणी एकच आहे. पहारेकऱ्याने मला सांगितले की आज दुपारी दोन वाजता बाहेरचा माणूस सर्व्हर 'साफ' करायला येणार आहे. माझ्या प्रती खोट्या आहेत असे उद्या कोणी म्हणेल, म्हणून मूळ यंत्र त्याआधी सील झाले पाहिजे. माझ्या खोलीच्या कुलपाची किल्ली मी देते. फौजदारसाहेब म्हणाले, "बघतो, वरून परवानगी घ्यावी लागेल." मी म्हटले, बघा, पण मी या बाकावरून उठणार नाही, आणि दोन वाजून गेले तर किती वाजता सांगितले होते आणि कोणाला सांगितले होते याचीही ओळ या जबाबात राहील. आत्ता बारा वाजून पाच मिनिटे झाली आहेत, ती वेळ लिहून घ्यावी. बारा वाजून बावीस मिनिटांनी दोन शिपाई किल्ली घेऊन जीपने गेले, तीही लिहून घ्यावी.

जबाब मला वाचून दाखवायचा असतो असे हवालदारांनी सांगितले. मी म्हटले, दाखवा, पण मोठ्याने वाचा. ते म्हणाले, "तुम्ही तर समोरच बसलाय." मी म्हटले, "तरी मोठ्याने." आतल्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. त्यांनी दाराकडे पाहिले, घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत खणखणीत आवाजात वाचला. वाचताना चार ठिकाणी 'आरोपी' असा शब्द आढळला, जो मी उच्चारलेला नव्हता. चारही ठिकाणी तो खोडून 'माझी वहिनी' असे लिहिले आहे आणि प्रत्येक खाडाखोडीवर माझी सही आहे.

वाचून संपल्यावर हवालदारांनी कागद टेबलावर ठेवले. मग आतून वहिनीचा आवाज आला, "शाळेचा नमुना दोनदा नाही, तीनदा तपासला होता. तिसरी नोंद पुढच्या पानावर आहे."

हवालदारांनी मला विचारले, काय करू. मी म्हटले, ती म्हणते तसे करा. नोंदवही कपाटातून काढून पुढचे पान पाहिले, तिसरी नोंद आहे. त्यामुळे वर शाळेच्या नमुन्याबद्दल जिथे 'दोनदा' म्हटले आहे तिथे 'तीनदा' असे वाचावे. एवढी दुरुस्ती धरून हा जबाब मी सांगितला तसाच आहे, खरा आहे, आणि सही मी माझ्या हाताने करत आहे.